संदर्भासाठी दिलेलं नाव

फोन वाजला तेव्हा शिवशंकररावांच्या अर्ध्या चेहऱ्यावर साबणाचा फेस होता आणि न्हाव्याचा वस्तरा कानाच्या पाळीखाली येऊन थांबला होता. शहराच्या छावणी भागातल्या या दुकानात ते वकिलीच्या दिवसांपासून येत. मधली वर्षं न्यायाधीश म्हणून जालना, परभणी, लातूर अशी गेली, आणि निवृत्तीनंतर पुन्हा इथंच, याच करकरणाऱ्या खुर्चीच्या पाठीवर मान टाकून बसणं सुरू झालं. नंबर मुंबईचा होता. न्हाव्याला त्यांनी हातानं थांबवलं, फोन फेसापासून चार बोटं लांब धरला आणि म्हणाले, "बोलतोय." हा शब्द त्यांनी गेले कित्येक दिवस मनातल्या मनात म्हणून पाहिला होता. उतावीळ वाटू नये, पण थंडही वाटू नये. पलीकडे एका मुलीचा आवाज होता. राज्य शिक्षा धोरण प्राधिकरणाच्या निवड समितीकडून ती बोलत होती, संचालकपदाच्या निवडीसंदर्भात. "हो, हो," शिवशंकरराव म्हणाले, "मी वाटच पाहत होतो." मुलगी क्षणभर थांबली. मग तिनं सरळ आवाजात सांगितलं, की डॉक्टर दिपाली शिंगाडे यांनी संदर्भासाठी तुमचं नाव दिलं आहे, त्यांच्याबद्दल आमच्या अध्यक्षांना तुमच्याशी थोडं बोलायचं आहे, उद्या सकाळी चालेल का. आरशात अर्धा पांढरा, अर्धा सावळा असा एक चेहरा त्यांच्याकडे पाहत होता. चालेल, असं त्या चेहऱ्यानं म्हटलेलं त्यांना दिसलं. "क्या हुआ साब? सब खैरियत?" न्हाव्यानं विचारलं. शिवशंकररावांनी मान पुन्हा मागं टाकली. वस्तरा गळ्यावरून वर सरकू लागला तेव्हा त्यांना प्रथमच वाटलं, आपण या माणसाला इतकी वर्षं गळा देत आलो आणि याचं आडनावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही.

त्यांनी स्वतः त्या पदासाठी अर्ज केला होता. जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. कोणत्या गुन्ह्याला साधारण किती शिक्षा असावी याची सूत्रं ठरवण्यासाठी सरकारनं हे नवं प्राधिकरण काढलं होतं, म्हणजे एका जिल्ह्यात ज्या गुन्ह्याला दोन वर्षं त्यालाच शेजारच्या जिल्ह्यात सात, असं होऊ नये. त्याच्या प्रमुखाची निवड एका निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालची समिती करणार होती. वयाची अट बासष्ट होती आणि शिवशंकररावांचं वय त्रेसष्ट होतं, पण अटीपुढं 'अपवादात्मक पात्रता असल्यास शिथिलक्षम' असं छापलेलं होतं, आणि त्या चार शब्दांवर त्यांचा जीव जडला होता. अर्ज ऑनलाइन भरायचा होता, म्हणून पुण्याला असलेल्या ऋतुराजला, मुलाला, सांगावं लागलं. आईला बोलू नकोस, असंही सांगितलं. ऋतुराज फोनवर 'बरं बाबा' म्हणाला होता. त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं, हे आता छावणीतून पडेगावला स्कूटरवरून घरी जाताना त्यांच्या लक्षात येऊ लागलं. त्यानं अर्ज पाठवलाच नसेल. किंवा मुद्दाम काहीतरी चुकवलं असेल. बाप म्हातारपणी मुंबईला जाऊन राहणार, मग आईचं कोण बघणार, असा हिशेब त्याच्या बायकोनं, प्रेरणानं, मांडला असेल. प्रेरणा गोड बोलते. गोड बोलणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी लांबवावी, हे ते वकिलीत शिकले होते. पुढच्या मिटमिटा गावाकडे जाणाऱ्या ट्रकनं मागून भोंगा दिला तेव्हा ते दचकले. 'मी वाटच पाहत होतो' हे वाक्य आत कुठंतरी काट्यासारखं मोडून राहिलं होतं. त्या मुलीनं ते ऐकलं होतं. ती अध्यक्षांना सांगेल. अध्यक्ष काय समजतील? दिपालीशी आमचं आधीच ठरलेलं आहे, असंच समजतील. किंवा समजतील की म्हाताऱ्याला अजून कळलंच नाही.

आणि दिपालीनं आपलंच नाव का दिलं? घरी पोचेपर्यंत हा प्रश्न इतर सगळ्या प्रश्नांना बाजूला सारून पुढं आला होता. तिला ओळखी कमी नव्हत्या. विद्यापीठात ती कायदा शिकवत होती, दिल्लीला परिषदांना जात होती, तिच्या नावापुढं डॉक्टर होतं. एखादे न्यायमूर्ती तिच्यासाठी दोन शब्द बोलले असते. मग पडेगावात फाटकावर 'माजी जिल्हा व सत्र न्यायाधीश' अशी पाटी लावून बसलेला माणूस कशाला? शिवाय रीत अशी असते की कुणाचं नाव द्यायचं तर आधी विचारायचं. तिनं विचारलं नव्हतं. ज्याला विचारलं तर नाही म्हणेल त्यालाच माणूस विचारत नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं. आपण अर्ज केला आहे हे तिला कुठून तरी कळलं होतं आणि तिनं आपले हात बांधले होते. वाईट बोललो तर समिती म्हणेल, जळतोय. चांगलं बोललो तर तिचं काम झालं. डाव उत्तम होता. वकिलीच्या चेंबरमध्ये असताना असे डाव त्यांनीच तिला समजावून सांगितले होते. की डाव समितीचा होता? आपल्या दोन अर्जदारांपैकी एकाकडून दुसऱ्याबद्दल मत घ्यायचं आणि मत नाही, माणूस तपासायचा. तसं असेल तर आपण अजून शर्यतीत आहोत. या विचारानं त्यांना स्कूटर उभी करताना क्षणभर हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाज वाटली.

दिपालीला ते लहानपणापासून ओळखत होते. पाचोडला त्यांच्या वडिलांच्या शेतात, पिकं निघून रान मोकळं झालं की सोनाजी शिंगाड्याची मेंढरं बसायला येत. चार रात्री या तुकड्यात, चार त्या तुकड्यात. रानाला लेंडीखत मिळायचं आणि सोनाजीला ज्वारी. सोनाजी बांधावर घोंगडी टाकून बसायचा आणि त्याची ही लेक मेंढरांच्या मधून, त्यांच्याच उंचीची, इकडून तिकडं फिरायची. मोठेपणी ती वकील झाली तेव्हा सोनाजी तिला घेऊन शहरात त्यांच्या चेंबरवर आला होता. दारातच उभा राहून म्हणाला होता, "हिला तुमच्यापाशी ठिवतो. मला कायद्यातलं काय कळत नाय, माणसातलं कळतं." दोन वर्षं ती त्यांची ज्युनियर होती. खुर्चीच्या अगदी कडेला बसायची, कुणी केव्हाही ऊठ म्हणेल अशी. पुढं ते न्यायाधीश झाले आणि ती सरकारी वकील झाली, आणि जालन्याला एक काळ असा आला की ती रोज त्यांच्यासमोर उभी राहायची. बांधावर बसणाऱ्या माणसाची मुलगी, असं आता घराच्या पायरीवर चप्पल काढताना त्यांच्या मनात आलं. ते वाक्य कुठून आलं हे त्यांना माहीत होतं. वडिलांच्या आवाजात आलं होतं. मुंबईचा एखादा साहेब त्या पदावर बसला असता तर आपल्याला एवढं लागलं असतं का? त्यांनी चप्पल नीट जोडून ठेवली आणि तो प्रश्न तिथंच, चपलांपाशी, सोडायचा प्रयत्न केला.

मंजुळाबाईंनी चहा आणून दिला. "दाढी एकाच बाजूची नीट झालीय," त्या म्हणाल्या. शिवशंकररावांनी गालावरून हात फिरवला. डाव्या जबड्यापाशी खरखर लागत होती. फोननंतर न्हाव्याचाही हात बिचकला असावा. अशी कशी झाली, मधेच कुणाचा फोन आला होता का, असं मंजुळाबाईंनी विचारलं नाही, आणि नेमकं तेच त्यांना खटकलं. मंजुळा नेहमी विचारायची. बँकेचा फोन आला, गॅसचा आला, तरी कुणाचा होता म्हणायची. आज ती चहा ठेवून वळली आणि तुळशीपाशी जाऊन वाळलेली पानं खुडत राहिली. तिच्या पाठीकडं पाहत त्यांनी चहा प्यायला. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना तिच्यावर संशय घ्यायची वेळ आली नव्हती, आणि घेतला असता तर कशाचा घ्यावा हेही सुचलं नसतं. पण आज प्रत्येक गोष्टीला एक दडलेली मागची बाजू फुटली होती. शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ कुंपणापलीकडून 'काय साहेब, काय विशेष?' म्हणाले, त्या 'विशेष'वर जोर होता. पेपरवाल्यानं सकाळी अंक उलटा टाकला होता, शिक्षा धोरणाची बातमी असलेलं पान आत दडवून. असं कोण करतं?

चहा थंड झाला. त्यांना पुंजारामचा खटला आठवत होता, किंवा खटला नव्हे, त्या दिवशीची दुपार. पुंजारामनं बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला होता आणि भाऊ तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. खुनाचा हेतू नव्हता हे साक्षीत दिसत होतं, म्हणून सदोष मनुष्यवध. दोष सिद्ध झाल्यावर आरोपीला शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का असं विचारावं लागतं. पुंजाराम म्हणाला, "मला काय सांगायचं नाही. भाऊच गेला." असं कुणी म्हणत नसे. सगळे लहान मुलं आणि म्हातारी आई सांगत. लघुलेखक निकाल टंकून आणायचा तेव्हा शिक्षेच्या वर्षांपुढं एक मोकळी जागा सोडलेली असायची, बोटभर. ती जागा शिवशंकरराव स्वतःच्या पेननं भरत. तिच्याकडं पाहत बसलं की काही वेळानं टाळूपाशी एक आकडा तयार व्हायचा, पाणी सुटावं तसा. त्या दिवशी सात झाला. त्यांनी सात लिहिला, वाचून दाखवला, पुंजारामला नेलं. मग दिपाली चेंबरमध्ये आली. कुठल्या तरी तारखेचं निमित्त होतं. ते झाल्यावर ती गेली नाही.

"सर, सात का?"

"म्हणजे?"

"मागच्या महिन्यात असंच एक प्रकरण होतं. दांडाच होता, भाऊच होता. तिथं तुम्ही पाच दिलेत. मी तक्रार करत नाहीये. मला फक्त समजून घ्यायचंय, हा आकडा येतो कुठून?"

न्यायालयाच्या विवेकातून, असं त्यांनी उत्तर दिलं होतं आणि समोरची फाईल उघडली होती. ती 'बरं सर' म्हणाली आणि गेली. फाईल दुसऱ्याच कुठल्या तरी प्रकरणाची होती. त्यांनी ती बराच वेळ उघडी ठेवली. पाच लिहिले त्या दिवशी काय वेगळं होतं? पुढं कितीतरी रात्री त्यांनी तो दिवस आठवून पाहिला. ऋतुराजचा दहावीचा निकाल त्याच्या आसपास लागला होता, पण आधी की नंतर ते जुळेना. गुडघा दुखत नव्हता. पंखा चालू होता. काहीच नव्हतं, आणि काहीच नव्हतं हे सगळ्यांत भयंकर होतं. वर्षभरात दिपालीनं नोकरी सोडली आणि मराठवाड्यातल्या न्यायाधीशांनी दिलेल्या शिक्षांवरच संशोधन केलं. तिचा प्रबंध त्यांनी वाचला नव्हता. आपण त्यात कुठं बसलो आहोत हे पाहायची हिंमत नव्हती, आणि तसं कुणाजवळ बोलायचीही नव्हती. तिला डॉक्टरेट मिळाल्यावर ती पेढे घेऊन आली तेव्हा त्यांनी हसत, सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, मी कितव्या पानावर आहे. ती म्हणाली होती, तुम्ही नाही आहात सर, तुमच्याजवळ काम केलेलं, म्हणून तुमचे निकाल मी घेतलेच नाहीत. सुटकेच्या जागी त्यांना काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटलं होतं. आजही तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसले. अध्यक्षांचा आवाज मृदू होता, वेळ असलेल्या माणसाचा. त्यांच्यापुढं काही ठरलेले मुद्दे होते आणि प्रत्येकाला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरकारी पद्धत, माफ करा, असं ते म्हणाले. कामाची जाण? पाच, शिवशंकरराव म्हणाले. प्रामाणिकपणा? पाच. कार्यालय चालवण्याची क्षमता? चार. हा चार टाळूपाशी तयार होऊन आला होता, हे त्यांना जाणवलं, आणि तोवर तो बाहेर पडला होता. चार का, असं अध्यक्षांनी विचारलं नाही. ते स्वतः न्यायाधीश होते. मग ते म्हणाले, की प्रत्येकाबद्दल आम्ही हे विचारतो, काही उणीव जाणवली असेल तर मोकळेपणानं सांगा, इथून बाहेर जाणार नाही. शिवशंकरराव गप्प बसले. अशा शांततेत काय करता येतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मोठा आरोप करायचा नसतो. एक हलका शब्द ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. बाकीचं ऐकणारा करतो.

"तशी उणीव नाही," ते म्हणाले. "फक्त माणसांवर विश्वास ठेवायला तिला वेळ लागतो."

"म्हणजे संशयी स्वभाव?"

"तसं मी म्हणणार नाही."

तसं मी म्हणणार नाही, हे बोलताना त्यांना कळलं की शब्द जागेवर बसला. अध्यक्षांनी आभार मानले. फोन ठेवल्यावर शिवशंकरराव खिडकीपाशी उभे राहिले. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर कुणाच्या तरी दोन शेळ्या बाभळीचा पाला ओरबाडत होत्या. त्यांना समाधान वाटायला हवं होतं, किंवा पश्चात्ताप. दोन्ही वाटेना. आपण खोटं बोललो नाही, एवढंच ते स्वतःला सांगत राहिले. दिपाली खरंच पटकन विश्वास ठेवत नसे. पण तो स्वभाव ती आली तेव्हा तिचा नव्हता. पक्षकाराचा शब्द तीनदा तपासल्याशिवाय धरायचा नाही, हसणाऱ्या माणसाचे हात पाहायचे, हे तिला चेंबरमध्ये कुणी शिकवलं होतं?

जेवताना मंजुळाबाई भाकरी वाढत होत्या. वांग्याची भाजी होती, पाचोडहून आलेल्या वांग्यांची. "मुंबईचा फोन येऊन गेला का?" त्यांनी विचारलं. घास शिवशंकररावांच्या हातात राहिला. कुठला मुंबईचा फोन, असं ते म्हणाले. दिपालीसाठीचा, मंजुळाबाई म्हणाल्या, आणि भाकरीचं टोपलं खाली ठेवून त्या समोर बसल्या. दिपाली येऊन गेली होती. ते पाचोडला विहिरीच्या मोटारीचं बघायला गेले होते त्या दिवशी. संदर्भासाठी सरांचं नाव दिलं तर चालेल का, असं विचारायलाच ती आली होती, आणि सर घरी नाहीत म्हणून खट्टू झाली होती. मी विचारून तुला कळवते, असं मंजुळाबाईंनी तिला सांगितलं. आणि दोन दिवसांनी फोन करून कळवलं, की ते हो म्हणालेत.

"मला सांगितलं नाहीस."

"नाय सांगितलं."

"का?"

"तुम्ही बी अर्ज केलता ना."

ऋतुराजनं पहिल्याच दिवशी आईला सांगितलं होतं. वय बसत नाही, पण बाबांना कसं बोलू, असं म्हणाला होता. मंजुळाबाईंनी त्याला बजावलं होतं, की भर, जाऊ दे, त्यांचं मन राहील. दिपालीला त्यांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं. घरातली गोष्ट बाहेर कशाला, असं त्यांचं म्हणणं. शिवशंकररावांनी घास ताटात ठेवला. सगळा डाव त्यांच्यासमोर उलगडत होता आणि त्यात डाव कुठंच नव्हता. मग तिला नाही म्हणायचं होतंस, ते म्हणाले. नाव द्यायला दुसरे पुष्कळ होते.

मंजुळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही रिटायर झाल्यापास्नं तुम्हाला कुणी काय इचारलं का? पाटीकडं बघून लोक पुढं जातेत. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसांनी फोन करून तुमचं मत इचारलं तर बरं वाटंल. आन् तुम्ही तिच्याबद्दल चांगलंच सांगताल, ते मला ठाऊकच होतं."

ते हात धुवायला उठले. नळ चालू ठेवून बराच वेळ उभे राहिले. काल दुपारपासून त्यांनी ज्यांना ज्यांना पिंजऱ्यात उभं केलं होतं ते सगळे एकेक करून उतरून निघून गेले होते, ऋतुराज, प्रेरणा, शेजारी, पेपरवाला, दिपाली, आणि कुणी जाताना त्यांच्याकडं वळूनही पाहिलं नव्हतं. मंजुळाच्या 'ठाऊकच होतं'वर अपील नव्हतं. तिनं हे भोळेपणानं म्हटलं असतं तर त्यांना सोसलं असतं. पण मंजुळा भोळी नव्हती. तिनं विचार करून त्यांच्यावर विश्वास ठेवला होता.

मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहून त्यांनी मुंबईचा नंबर लावला. तीच मुलगी होती. साहेब जेवायला गेलेत, म्हणाली. शिवशंकरराव थांबतो म्हणाले. साहेब फोनवर येईपर्यंत ते टाकीला हात लावून उभे होते. सिमेंट गरम होतं. अध्यक्षांचा आवाज आला तेव्हा त्यांनी प्रस्तावना केली नाही. "मी स्वतः या पदासाठी अर्ज केलेला आहे. हे सकाळीच सांगायला हवं होतं. माझं मत धरू नये." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. त्या आवाजाकडं ते ज्या आशेनं कान लावून होते तिची त्यांना पुढं अनेक दिवस लाज वाटली. त्यांना ऐकायचं होतं, की हो, आम्हाला ठाऊक होतं, आम्ही मुद्दामच विचारलं. अध्यक्ष म्हणाले, तुमचा अर्ज माझ्यापर्यंत आलेला दिसत नाही, वयाच्या अटीवर कार्यालयातच बाजूला पडला असेल, क्षमा करा. आवाजात खरंच क्षमा होती. कुणी काही रचलं नव्हतं. कुणी त्यांना वगळलंही नव्हतं, कारण वगळायला आधी विचारात घ्यावं लागतं.

अध्यक्ष पुढं म्हणाले, की मत वगळायला माझी हरकत नाही, पण मग बाईंचा एक संदर्भ कमी पडतो, दोन तरी लागतात, आणि उद्या बैठक आहे. तुम्ही सांगाल तसं करू. शिवशंकररावांनी डोळे मिटले. मागं घेतलं तरी तिचंच नुकसान आणि ठेवलं तरी तिचंच. सकाळी केवढ्या सहज तो शब्द ठेवला होता, आणि आता उचलताना त्याच्याबरोबर सगळंच निघून येत होतं.

"मग दुसरं लिहून घ्या," ते म्हणाले. आणि मग ते बोलत राहिले. पुंजारामचा सात आणि त्याच्या आधीच्या महिन्यातला पाच. चेंबरमधला तिचा प्रश्न. आपण दिलेलं उत्तर, आणि ते उत्तर नव्हतं हे. न्यायाधीश असताना इतक्या वकिलांनी त्यांच्यासमोर शिक्षा कमी करा, जास्त द्या, असं मागितलं, पण ती शिक्षा येते कुठून हे दिपालीनं एकटीनं विचारलं. त्या पदावरच्या माणसाला हा प्रश्न पडायला हवा, बाकी सगळं कारकूनही करतील. "आणि विश्वासाबद्दल सकाळी मी जे बोललो, ते तिच्याबद्दल नव्हतं. माझ्याबद्दल होतं. तिनं ते माझ्याजवळ राहून उचललं असेल, तर तो दोष तिच्या नावावर लावू नका."

अध्यक्ष पलीकडे लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "हे सगळं तुमच्या नावानं नोंदवू?"

"नोंदवा."

निवड जाहीर झाली ती महिन्याभरानं, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन परिच्छेदांत. मंजुळाबाईंनी ती बातमी चष्मा लावून मोठ्यानं वाचली, दिपालीच्या नावापाशी थांबून त्यांच्याकडं पाहिलं आणि पुढं वाचत राहिल्या. त्या दुपारी फोनवर काय झालं ते त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना काय कळलं होतं ते शिवशंकररावांना कळलं नाही. पाण्याच्या टाकीपासून स्वयंपाकघराची खिडकी फार लांब नव्हती.

रविवारी दिपाली आली, वडिलांना घेऊन. सोनाजी वाळून काटकुळा झाला होता, पण फेटा तसाच होता. तो दिवाणखान्यात खाली बसायला लागला तेव्हा शिवशंकररावांनी त्याचा हात धरून त्याला कोचावर, स्वतःशेजारी बसवलं. हे त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं आणि सोनाजीच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण तो काही वेळ अंग चोरून बसला. मेंढरं आता थोडीच राहिली, पोरं हिंडायला तयार नाहीत, रानं बी बांधबंदिस्तीनं भरली, असं तो सांगत होता. मग म्हणाला, "मुंबईला एकटी राह्यल ही. तिथं भरवसा टाकावा असं कोण हाय का तुमच्या वळखीचं?" बघतो, एवढंच शिवशंकरराव म्हणाले.

दिपाली खुर्चीच्या कडेला बसली होती, पूर्वीसारखीच. केसांत पांढरं दिसत होतं. तिनं पेढे ठेवले, आभार मानले, पण ते आभार कशाचे हे तिच्या बोलण्यातून कळेना. नाव दिल्याचे की बोलल्याचे, आणि बोलल्याचे तर सकाळचे की दुपारचे? ती नव्या कामाबद्दल सांगत होती. सूत्रं ठरवण्याआधी प्रत्येक विभागात जाऊन ऐकायचं असं तिनं ठरवलं होतं. सुटून आलेले कैदी, ज्यांचं माणूस गेलं ती घरं, वकील, आणि निवृत्त न्यायाधीश. पहिली बैठक याच शहरात घ्यायची होती. निवृत्त न्यायाधीशांच्या यादीत पहिलं नाव तिनं त्यांचं घातलं होतं. "या वेळी आधी तुम्हालाच विचारायला आले," ती म्हणाली. "तुम्ही याल का, सर?"

जुना संशय उठून बसला. ही दया आहे. म्हाताऱ्याला काहीतरी द्यावं म्हणून. किंवा हा हिशेब आहे, इतक्या वर्षांनी, सगळ्यांदेखत.

"माझंच नाव का?" त्यांनी विचारलं.

"बाकीचे उत्तर देतील," दिपाली म्हणाली. "तुम्ही 'माहीत नाही' म्हणाल, असं वाटतं."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. अध्यक्षांनी नोंद तिला दाखवली होती का? तिला दोन्ही ठाऊक होतं का? चेहरा काही सांगत नव्हता. पक्षकारासमोर असा चेहरा ठेवायचा, हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं. विचारता आलं असतं. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, याची त्यांना खात्री वाटली, आणि वाटली म्हणून त्यांनी विचारलं नाही. मंजुळाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. सोनाजी पेढ्याचा कागद उलगडण्यात गुंतला होता.

"कधी आहे?" शिवशंकररावांनी विचारलं.

दिपालीनं तारीख सांगितली. त्या दिवशी आपल्याला दुसरं काही काम तर नाही ना, हे बघायला ते उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, आणि कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवत बराच वेळ तिथं उभे राहिले.